रोबोसाठी मोटर ड्रायव्हर निवडताना

मायक्रोकंट्रोलर मोटरला हुकूम देऊ शकतो, ताकद देऊ शकत नाही. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह निर्धास्तपणे घेता येतो. ४० मिलिअँपिअर ही तिची अखेरची मर्यादा, आणि सगळ्या पिनांचा मिळून प्रवाह २०० मिलिअँपिअरच्या आत ठेवावा लागतो. हौशी रोबोंमध्ये सर्रास दिसणारी पिवळी गिअर मोटर मात्र नुसती हवेत फिरतानाच शे-दीडशे मिलिअँपिअर घेते आणि चाक अडकले की अँपिअरभर किंवा त्याहून जास्त प्रवाह ओढते. शिवाय मोटर म्हणजे तारेची गुंडाळी असल्यामुळे प्रवाह तोडताक्षणी ती उलट दिशेने मोठा व्होल्टेज झटका देते. पिनला थेट जोडलेली मोटर म्हणूनच एक तर फिरत नाही किंवा चिप निकामी करते.

ही दरी मोटर ड्रायव्हर भरून काढतो. मायक्रोकंट्रोलरच्या क्षीण संकेतावरून बॅटरीचा मोठा प्रवाह तो चालू-बंद करतो, मोटरची दिशा बदलतो आणि उलट झटक्यांना डायोडमधून वाट करून देतो. दिशा बदलण्यासाठी चार स्विचांची एच-ब्रिज ही मांडणी वापरतात. समोरासमोरच्या तिरप्या जोडीतले दोन स्विच चालू केले की मोटर एका दिशेने फिरते, दुसरी जोडी चालू केली की उलट दिशेने. एकाच बाजूचे वरचे आणि खालचे स्विच एकदम चालू झाले, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. तयार ड्रायव्हर चिपमध्ये हे टाळण्याची सोय आतच असते. सुट्या ट्रान्झिस्टरांचा एच-ब्रिज जोडणाऱ्या नवशिक्याचे ट्रान्झिस्टर बहुधा इथेच जळतात.

आधी मोटर ओळखावी

ड्रायव्हरची निवड मोटरच्या जातीपासून सुरू होते. सर्व्हो मोटरच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर असतो. तिला दर २० मिलिसेकंदांनी साधारण १ ते २ मिलिसेकंद लांबीचा स्पंद आणि वेगळा वीजपुरवठा दिला की पुरते. ब्रशलेस मोटरला तीन तारा असतात आणि तिच्यासाठी ड्रोनमध्ये वापरतात तसा ईएससी हा वेगनियंत्रक लागतो. उरतात त्या साध्या ब्रशवाल्या डीसी मोटरी आणि ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटरी. ड्रायव्हर निवडण्याचा खरा प्रश्न या दोघींचाच असतो.

डीसी मोटरचे तीन आकडे हाताशी हवेत: चालण्याचे व्होल्टेज, रिकामी फिरतानाचा प्रवाह आणि चाक पूर्ण अडकल्यावरचा प्रवाह, म्हणजे स्टॉल करंट. निवड तिसऱ्या आकड्यावर करावी. मोटर प्रत्येक वेळी सुरू होताना क्षणभर थांबलेलीच असते, त्यामुळे दर सुरुवातीला ती स्टॉल करंटइतका प्रवाह मागते. रोबो भिंतीला टेकून ढकलत राहिला, तर तोच प्रवाह सतत वाहतो.

मोटरसोबत माहितीपत्रक मिळाले नाही, तर हा आकडा मल्टिमीटरने काढता येतो. मोटर सुटी करून तिच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. आस थोडी थोडी फिरवून पाच-सहा ठिकाणी वाचन घ्यावे आणि त्यातले सर्वांत कमी धरावे, कारण ब्रश आणि कॉम्युटेटर यांचा स्पर्श प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. बॅटरीच्या व्होल्टेजला या रोधाने भागले की स्टॉल करंट मिळतो. ५ ओहम रोधाची मोटर ६ व्होल्टवर अडकली, तर १.२ अँपिअर घेणार. रोध एवढा कमी असताना मल्टिमीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही वाचनात मिसळतो. म्हणून दोन्ही तारांची टोके एकमेकांना टेकवून आलेला आकडा आधी वजा करावा.

एल२९८एन: सवयीची निवड आणि तिची किंमत

शाळा-कॉलेजांतल्या बहुतेक प्रकल्पांत काळ्या हीटसिंकचे लाल मॉड्यूल दिसते. त्यावरची एल२९८एन ही चिप दणकट आहे, स्वस्त आहे, दोन मोटरी चालवते आणि प्रत्येकीला २ अँपिअरपर्यंत प्रवाह देते. तरीही छोट्या बॅटरीवरच्या रोबोसाठी ती बहुतेक वेळा चुकीची निवड ठरते. कारण तिच्या रचनेतच आहे.

एल२९८एनमधले स्विच बायपोलर ट्रान्झिस्टरचे आहेत. प्रवाह जाताना वरचा आणि खालचा असे दोन ट्रान्झिस्टर वाटेत येतात आणि दोघेही आपापला व्होल्टेजचा वाटा खातात. १ अँपिअरला ही एकूण घट १.८ ते ३.२ व्होल्ट असते, २ अँपिअरला ती ४.९ व्होल्टपर्यंत जाऊ शकते.

दोन १८६५० लिथियम सेलच्या ७.४ व्होल्ट बॅटरीवर चालणारा दोन चाकांचा रोबो घेऊ. प्रत्येक मोटर चढावर १ अँपिअर घेते आणि घट मधली, म्हणजे २.५ व्होल्ट धरली, तर मोटरपर्यंत ४.९ व्होल्टच पोहोचतात. बॅटरीतून निघालेल्या शक्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग ड्रायव्हरमध्येच उष्णता होऊन जातो. दोन्ही मोटरी मिळून ही उष्णता ५ वॅट होते, हीटसिंकला बोट लावणे कठीण व्हावे एवढी. बॅटरी ४.८ व्होल्टची, म्हणजे रिचार्ज होणाऱ्या चार पेन्सिल सेलची असेल, तर मोटरच्या वाट्याला जेमतेम २.३ व्होल्ट येतात आणि रोबो जागीच गुरगुरतो. अशा वेळी दोष मोटरला किंवा प्रोग्रामला दिला जातो, पण तो ड्रायव्हरच्या निवडीचा असतो.

या चिपची जागा वेगळी आहे. मोटर १२ किंवा २४ व्होल्टची असेल आणि वजन, उष्णता आणि बॅटरीचा काळ यांची फार चिंता नसेल, तर एल२९८एन वर्षानुवर्षे काम देते. २४ व्होल्टवर २.५ व्होल्टची घट फक्त दहा टक्क्यांच्या आसपास असते. मॉड्यूलवर ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचा जंपर असतो. पुरवठा १२ व्होल्टच्या वर असेल, तर तो जंपर काढून लॉजिकसाठी ५ व्होल्ट वेगळे द्यावेत, नाहीतर रेग्युलेटर आधी जळतो.

एल२९३डी ही त्याच कुळातली धाकटी चिप. ती प्रत्येक मोटरला सतत ६०० मिलिअँपिअर आणि क्षणभर १.२ अँपिअर देते. उलट झटक्यांसाठीचे डायोड तिच्या आतच असतात. ब्रेडबोर्डवर बसणारी सोळा पायांची चिप म्हणून शिकण्यासाठी ती सोयीची आहे. तिचे मधले चार पाय ग्राउंडचे असतात आणि उष्णताही त्यांच्यातूनच बाहेर पडते. सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या रुंद पट्टीला ते डाखलेले असले, तर चिप थंड राहते. ब्रेडबोर्डवर ही सोय नसते, त्यामुळे तिथे तिच्याकडून पूर्ण ६०० मिलिअँपिअरची अपेक्षा धरू नये. पिवळ्या गिअर मोटरीचा स्टॉल करंट या चिपच्या आवाक्याबाहेर आहे.

मॉस्फेटवाले ड्रायव्हर

नव्या ड्रायव्हरांमधले स्विच मॉस्फेटचे असतात. चालू असताना मॉस्फेट लहानशा रोधासारखा वागतो, त्यामुळे घट प्रवाहाच्या प्रमाणात आणि थोडीच होते. तोशिबाच्या टीबी६६१२एफएनजी या चिपमध्ये वरच्या-खालच्या स्विचांचा मिळून रोध साधारण अर्धा ओहम आहे. १ अँपिअरला अर्धा व्होल्ट आणि अर्धा वॅट एवढेच वाया जाते. वरच्याच रोबोत एल२९८एनच्या जागी ही चिप लावली, तर मोटरला ४.९ ऐवजी ६.९ व्होल्ट मिळतात आणि हीटसिंक लागत नाही.

टीबी६६१२एफएनजी प्रत्येक मोटरला सरासरी १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअर देते. मोटरचा पुरवठा १३.५ व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे दोन किंवा तीन लिथियम सेलच्या बॅटरीला ती योग्य आहे. जास्त तापल्यास ती स्वतःला बंद करते. तिची स्टँडबाय पिन उच्च स्थितीत नसेल, तर मोटर अजिबात हलत नाही. सगळे वायरिंग बरोबर असूनही रोबो ढिम्म राहिला, तर ही पिन सर्वांत आधी तपासावी.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही८८३३ ही चिप २.७ ते १०.८ व्होल्टवर चालते, म्हणून एका लिथियम सेलच्या किंवा तीन-चार पेन्सिल सेलच्या लहान रोबोला ती सर्वांत सोयीची. तिच्या दोन स्विचांचा मिळून रोध साधारण ०.३६ ओहम आहे आणि प्रत्येक मोटरला ती १.५ अँपिअरपर्यंत प्रवाह देते. प्रवाह मोजणारा सेन्स रोधक बसवून प्रवाहाची कमाल मर्यादाही ठरवता येते: ०.२ व्होल्टला रोधकाच्या ओहमने भागले की मर्यादा मिळते, म्हणजे ०.२ ओहमचा रोधक असेल तर १ अँपिअर. तीन सेलच्या बॅटरीला मात्र ही चिप लावू नये. पूर्ण चार्ज झालेली अशी बॅटरी १२.६ व्होल्टची असते आणि चिपची मर्यादा तिच्या बरीच खाली आहे.

मॉस्फेट ड्रायव्हर मोटरला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज देतो, त्यामुळे ६ व्होल्टच्या मोटरवर ८.४ व्होल्टची भरलेली बॅटरी तशीच सोडू नये. प्रोग्राममध्ये पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग ठरवण्यासाठी झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या संकेताची कमाल पातळी ७० टक्क्यांवर, म्हणजे २५५ पैकी १८० च्या आसपास रोखली की मोटर दीर्घकाळ टिकते.

एकाच मोटरला जास्त प्रवाह हवा असेल, तर ६.५ ते ४५ व्होल्टवर चालणारी आणि ३.६ अँपिअरपर्यंतचा कमाल प्रवाह देणारी डीआरव्ही८८७१ विचारात घ्यावी. गाडीच्या वायपर मोटरीसारखी मोठी मोटर अडकल्यावर दहा अँपिअरच्या पुढे सहज जाते. तिच्यासाठी बीटीएस७९६० च्या दोन चिपांचे मॉड्यूल वापरतात. त्याच्या जाहिरातीतला ४३ अँपिअरचा आकडा म्हणजे अतिप्रवाह झाल्यावर चिप स्वतःला आवरते ती पातळी. मॉड्यूलवरचा हीटसिंक, स्क्रू टर्मिनल आणि तांब्याची पट्टी एवढा प्रवाह सतत पेलत नाहीत. मोटरचा सततचा प्रवाह या आकड्याच्या बराच खाली राहील असेच गणित करावे आणि बॅटरीच्या तारेत फ्यूज घालावा.

पंखा किंवा पंप यांसारखी एकाच दिशेने फिरणारी मोटर असेल, तर एच-ब्रिजची गरजच नसते. एक लॉजिक लेव्हल मॉस्फेट आणि मोटरच्या दोन टोकांवर उलटा जोडलेला डायोड पुरे. बाजारात आयआरएफ५२० चे मॉड्यूल आर्डुइनोसाठी म्हणून विकले जाते, पण तो मॉस्फेट पूर्ण उघडण्यासाठी गेटला १० व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. ५ व्होल्टच्या बोर्डाला आयआरएलझेड४४एन घ्यावा, ३.३ व्होल्टच्या बोर्डाला एओ३४०० सारखा कमी गेट व्होल्टेजवर उघडणारा मॉस्फेट घ्यावा. गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक लावला, तर बोर्ड सुरू होताना मोटर आपोआप फिरत नाही.

स्टेपर मोटरचे ड्रायव्हर

२८बीवायजे-४८ ही छोटी ५ व्होल्टची स्टेपर मोटर यूएलएन२००३ च्या बोर्डासह मिळते. तिच्या आतल्या गिअरमुळे एका फेरीला सुमारे २०४८ पूर्ण पावले पडतात. कॅमेरा किंवा सेन्सर हळू फिरवायला ही जोडी उत्तम, चाके चालवायला मात्र फारच संथ.

नेमा १७ आकाराच्या मोटरीसाठी ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ चे छोटे बोर्ड वापरतात. या मोटरीवर २.८ व्होल्ट असे काही छापलेले असले, तरी तिला १२ व्होल्टचा पुरवठा देतात, कारण हे ड्रायव्हर व्होल्टेज नव्हे तर प्रवाह आवरून धरतात. म्हणून मोटर लावण्याआधी प्रवाहाची मर्यादा ठरवावीच लागते. बोर्डवर छोटा स्क्रू असलेला पोटेन्शिओमीटर असतो. त्याच्यावरचे आणि ग्राउंडमधले व्होल्टेज मल्टिमीटरने मोजत तो फिरवायचा. ए४९८८ साठी हे व्होल्टेज म्हणजे हवा असलेला प्रवाह गुणिले ८ गुणिले सेन्स रोधक. बोर्डवर ०.१ ओहमचे रोधक असतील, तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट येतात आणि ०.०५ ओहमचे असतील, तर ०.४ व्होल्ट. वेगवेगळ्या बोर्डांवर हे रोधक वेगळे असतात, म्हणून दुसऱ्या कुणाचा आकडा तसाच उचलू नये. रोधकावर आर१०० छापले असेल तर ०.१ ओहम, आर०५० असेल तर ०.०५ ओहम.

या बोर्डांच्या मोटर-पुरवठ्याच्या पिनांलगत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर बॅटरी जोडतानाचा झटका चिपला घातक ठरतो. वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू किंवा जोडू नये. ए४९८८ हीटसिंकशिवाय साधारण १ अँपिअर पेलतो. मोटरचा आवाज नकोसा असेल, तर टीएमसी२२०९ हा शांतपणे चालणारा पर्याय आहे.

संकेत आणि वेग

ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको यांसारखे बोर्ड ३.३ व्होल्टचे संकेत देतात. ड्रायव्हर त्यांना उच्च म्हणून ओळखतो की नाही हे पाहणे जरूर असते. टीबी६६१२एफएनजी आपल्या लॉजिक पुरवठ्याच्या ७० टक्क्यांपुढचा संकेत उच्च मानते. तिला लॉजिकसाठी ५ व्होल्ट दिले, तर ३.५ व्होल्ट लागतात आणि ३.३ व्होल्टचा संकेत सीमेवर राहतो. मोटर कधी फिरते, कधी फिरत नाही. तिचा लॉजिक पुरवठा ३.३ व्होल्टला जोडला की अडचण मिटते.

वेग पीडब्ल्यूएमने ठरतो. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर ४९० हर्ट्झची लय असते, त्यामुळे मोटर गुणगुणते. २० किलोहर्ट्झच्या वर ही गुणगुण ऐकू येत नाही. टीबी६६१२एफएनजी १०० किलोहर्ट्झपर्यंत चालते, बीटीएस७९६० साठी २५ किलोहर्ट्झ ही मर्यादा धरावी. बायपोलर ड्रायव्हर मात्र कमी लयीवर ठेवलेले बरे, कारण लय वाढेल तसे त्यांच्या स्विचिंगमधली उष्णताही वाढते.

दिशा एकदम उलटवू नये. फिरती मोटर स्वतःच जनित्रासारखी उलट व्होल्टेज देत असते. दिशा बदलताक्षणी ते बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळते आणि प्रवाह स्टॉल करंटच्या जवळजवळ दुप्पट होतो. आधी मोटर थांबवून थोड्या अवकाशाने उलट फिरवली की ड्रायव्हर आणि गिअर दोन्ही वाचतात.

वीजपुरवठा आणि जोडणी

मोटर सुरू होताच बोर्ड रीसेट होणे ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार असते. मोटरने प्रवाह ओढला की बॅटरीचे व्होल्टेज बसते आणि मायक्रोकंट्रोलर उपाशी राहतो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी इथे हमखास फसवते, कारण तिचा अंतर्गत रोध मोठा असतो आणि अर्ध्या अँपिअरलाही तिचे व्होल्टेज कोसळते. १८६५० लिथियम सेल किंवा चांगले निकेल मेटल हायड्राइड सेल वापरावेत. मायक्रोकंट्रोलरला वेगळा रेग्युलेटर द्यावा आणि ड्रायव्हरच्या पुरवठ्यालगत १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. मोटरच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाखला की ब्रशमधून उठणारा विद्युत गोंगाट सेन्सरांपर्यंत पोहोचत नाही.

बॅटरी दोन असल्या, तरी ग्राउंड एकच हवा. मायक्रोकंट्रोलर आणि ड्रायव्हर यांचे ग्राउंड जोडलेले नसले, तर संकेताला आधारच राहत नाही. मोटरचा प्रवाह ब्रेडबोर्डमधून किंवा बारीक जंपर वायरमधून नेऊ नये. त्यासाठी जाड तार आणि स्क्रू टर्मिनल घ्यावे.

खरेदी आणि पहिली चाचणी

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातली बुधवार पेठ किंवा ऑनलाइन दुकान, मॉड्यूल कुठूनही घेतले तरी त्याच्या नावापेक्षा त्यावरच्या चिपचा क्रमांक वाचावा आणि तिच्या डेटाशीटमधल्या चार ओळी पाहाव्यात: मोटर पुरवठ्याची मर्यादा, सततचा प्रवाह, चालू असतानाचा रोध किंवा व्होल्टेजची घट आणि लॉजिकचे व्होल्टेज. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला प्रवाह बहुधा क्षणिक असतो. मोटरचा स्टॉल करंट ड्रायव्हरच्या सततच्या प्रवाहाहून कमी असेल, तर निवड निर्धोक. तो थोडा जास्त असेल, तर प्रवाहाची मर्यादा घालणारा आणि तापल्यावर स्वतःला बंद करणारा ड्रायव्हर घ्यावा.

पहिली चाचणी चाके जमिनीपासून उचलून घ्यावी. पीडब्ल्यूएम ३० टक्क्यांवर ठेवून चिपला बोट लावून पाहावे, मग हळूहळू वेग वाढवावा. शेवटी रोबो जमिनीवर ठेवून चाक क्षणभर हाताने अडवावे आणि पुरवठ्याचे व्होल्टेज मल्टिमीटरवर पाहावे. ते फार खाली बसत नसेल आणि चिप हाताला सोसण्याइतपतच तापत असेल, तर जोडणी पक्की समजावी.

दोन पिवळ्या मोटरींच्या, ६ ते ८ व्होल्टच्या नेहमीच्या रोबोला टीबी६६१२एफएनजी किंवा डीआरव्ही८८३३ घ्यावा, १२ ते २४ व्होल्टच्या मध्यम मोटरींना एल२९८एन चालतो आणि मोठ्या मोटरींना बीटीएस७९६०. पण दुकानात जाण्याआधी मोटरचा रोध मोजून स्टॉल करंट कागदावर लिहून घ्यावा. पाच मिनिटांच्या या मोजणीने जळालेल्या चिपांचा खर्च वाचतो.